ब्रेकचे पॅड, डिस्क, शू बदलायचे आहेत: कंपनीचेच घ्यावेत की बाहेरचे चालतील?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१६ ची. पुढे डिस्क (तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम (त्याला आतून शू दाबतात), एबीएस म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा आहे. वॉरंटी केव्हाच संपली. माहेर कराडला असल्यामुळे चिपळूण-कराड येणं-जाणं सतत चालू असतं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला, भर पावसातसुद्धा.

या सर्व्हिसिंगला कळलं की पुढचे पॅड ३ मिमीवर आलेत, डिस्कच्या कडेला चांगलाच काठ उभा राहिलाय आणि मागच्या शूचे लायनरही (शूवरचा घासणारा थर) संपत आलेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पॅड, दोन्ही डिस्क आणि शू मिळून मजुरीसकट बारा हजारांच्या वरचा अंदाज दिला. आमचे नेहमीचे मेस्त्री म्हणतात, बाहेरचा माल घेतला तर निम्म्यात होईल. दुकानात विचारलं तर एकाच गाडीच्या पॅडचे चार भाव सांगितले, आणि चारही "एक नंबर".

पैसे वाचले तर हवेच आहेत. पण गाडीत आईबाबा आणि मुलं असतात, आणि घाट उतरताना मला पेडलवर पूर्ण भरवसा हवा. कुठे बचत केली तर चालेल आणि कुठे अजिबात करू नये, हे जाणकारांनी सांगावं.

पेठकर

वाशिष्ठीताई, माझं पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान आहे, म्हणून काउंटरच्या या बाजूने सांगतो. तुम्हाला जे चार भाव सांगितले ते चार वेगळ्या जातींचे आहेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. मारुतीचा असेल तर मारुती जेन्युइन पार्ट्स, ह्युंदाईचा असेल तर मोबिस. दुसरा, ज्या कारखान्याने तो पार्ट बनवून गाडीच्या कंपनीला दिला, त्याच कारखान्याचा स्वतःच्या नावाच्या डब्यातला. याला आम्ही ओईएस म्हणतो. गाडीची कंपनी पॅड स्वतः बनवत नाही. चेन्नईच्या ब्रेक्स इंडिया, राने, सुंदरम ब्रेक लायनिंग्ज अशा कंपन्या बनवतात आणि त्यातल्या बऱ्याच सुट्या बाजारातही माल विकतात. तिसरा, नामांकित ब्रँड, पण तुमच्या मॉडेलला मूळ पुरवठा त्याचा नाही. उदाहरणार्थ बॉश. आणि चौथा म्हणजे साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला, ज्यावर बनवणाऱ्याचा पत्ताच नसतो. निम्म्याहून कमी भावात मिळतो तो बहुधा हाच.

पहिल्या दोनमध्ये दुकानदाराला विचारून निवड करा. तिसऱ्यात ब्रँड बघून. चौथा माझ्या दुकानात ब्रेकसाठी ठेवलेलाच नाही. आरशाचं कव्हर, वायपर, मडफ्लॅप यात लोकल चालतो, तिथे माझी हरकत नाही.

घाटवाट

पेठकरांचा अनुभव मोठा आहे, पण माझं मत सरळ आहे: ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत बाहेरचं काही नको. दोन-तीन हजारांचा फरक वर्षांवर विभागला तर काहीच नाही. ओईएस ही कल्पना ठीक आहे, पण आपल्याला कसं कळणार की माझ्या मॉडेलचा मूळ पुरवठादार कोण? दुकानदार म्हणेल ते खरं मानायचं. कंपनीचा डबा घेतला की प्रश्नच मिटला.

पेठकर

घाटवाटदादा, कळतं. जुने पॅड काढल्यावर मागच्या लोखंडी प्लेटवर बघा. बनवणाऱ्याचं चिन्ह किंवा नाव आणि कोड बहुतेक वेळा छापलेला किंवा ठोकलेला असतो. गाडीचा पहिलाच सेट असेल तर तोच मूळ पुरवठादार. शिवाय डबा कंपनीचा आहे म्हणून आतला माल कंपनीचा आहे असं नाही. नकली माल सगळ्यात जास्त कंपनीच्याच डब्यात येतो, कारण नाव त्याचंच खपतं.

डायनो

मी पुण्याजवळ एका कारखान्यात ब्रेकच्या चाचणी विभागात काम करत होतो, आता निवृत्त. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण "ब्रेक लागतात की नाही" ही कसोटी गावात फिरून कधीच होत नाही. लोकल पॅडसुद्धा सिग्नलला गाडी थांबवतो. फरक पडतो तो तापल्यावर.

थोडा हिशेब. गाडी माणसांसकट १,२०० किलो धरू आणि घाटाचा उतार ६०० मीटर धरू. एवढी उंची उतरताना साधारण ७० लाख जूल ऊर्जा कुठे तरी जायला हवी. इंजिनाने धरलं नाही तर ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते. २२ लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही आहे, आणि ती झेलायला दोन डिस्क, चार पॅड आणि मागचे दोन ड्रम एवढंच लोखंड आहे. त्यातही मोठा वाटा पुढच्या चाकांचा, कारण ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं.

पॅडचा घर्षण-पदार्थ रेझिनमध्ये, म्हणजे तापवून घट्ट केलेल्या डिंकासारख्या पदार्थात, बांधलेला असतो. त्यात तंतू, धातूचा कीस, ग्रॅफाइट, कठीण खनिजांची पूड अशा कितीतरी गोष्टी ठरलेल्या प्रमाणात असतात. हलक्या मालात रेझिन स्वस्त असतं आणि भट्टीत पुरेसं शिजवलेलं नसतं. तापलं की त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा थर येतो, आणि पेडल कडक असूनही गाडी थांबत नाही. याला फेड म्हणतात. पाय दाबतोय, पेडल खाली जात नाही, पण गाडी पुढेच चाललीय, असं झालं तर ते पॅडचं काम. पेडलच मऊ होऊन खाली गेलं तर ते ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. दोन्ही वेगळे दोष आहेत, उपायही वेगळे.

आता पॅड विकत घेताना बघता येईल असं काही. बऱ्याच पॅडच्या कडेला एक कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी किंवा जीएफ अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, समजा एफई, तर तापल्यावर पकड कमी होणार असा अर्थ. घाटातल्या माणसाने दुसरं अक्षर आधी बघावं. मात्र ही चाचणी छोट्या तुकड्यावर होते. त्यावरून झीज, आवाज किंवा पॅडचा दर्जा कळत नाही, आणि नकली मालावरही कोणी एफएफ छापू शकतो. म्हणून कोड हा पुरावा मानू नका. नावाजलेल्या बनवणाऱ्याचे दोन पर्याय समोर असतील तर त्यांच्यात निवड करायला तो उपयोगी पडतो.

जीजी म्हणजे जास्त चांगलं असंही समजू नये. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल गाडी बनवताना ठरलेला असतो. पुढे फार चावरा पॅड आणि मागे थकलेले शू, असं केलं तर तो तोल बिघडतो आणि पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात. मूळ पॅडच्या जवळ जाणारा पॅड हाच बरोबर पॅड.

शेवटची गोष्ट तुमच्या चिपळूणसाठी मुद्दाम. घर्षण-पदार्थ लोखंडी प्लेटला चिकटवलेला असतो. दमट हवेत प्लेट गंजली की गंज फुगतो आणि तो पदार्थ प्लेटपासून उचलून धरतो. जाडी भरपूर शिल्लक दिसते, पण पकड सुटलेली असते. चांगल्या मालात प्लेट आधी स्वच्छ करून, कडांसकट नीट रंगवलेली असते. नुसत्या गंजावर मारलेला काळा रंग नखानेही निघतो. कोकणात पॅडची जाडी बघताना त्याची कड आणि प्लेट यांच्यामध्ये भेग नाही ना, हेही टॉर्चने बघायला सांगा.

वाशिष्ठी

डायनोकाका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. फेड आणि ऑइल उकळणं यांतला फरक मला माहीत नव्हता. मेस्त्रींनी शूसाठी आणखी एक पर्याय सांगितला होता: जुनेच शू ठेवून त्यावर नवे लायनर बसवून आणायचे. ते करावं का?

कृष्णाकाठचा मेकॅनिक

ताई, मी कराडातच गॅरेज चालवतो, कुंभार्ली चढून आलेल्या गाड्या रोज बघतो. लायनर बसवून आणण्याचं काम जुन्या जीप, ट्रॅक्टर, टेम्पोला चालत आलंय. तुमच्या गाडीच्या शूचा नवा सेट मिळतो, भाव काही फार नसतो, मग कशाला तो खटाटोप? चिकटवणारा भट्टी नीट लावतो का नाही हे आपल्याला कळत नाही. आणि तो पट्टा कशाचा आहे तेही कळत नाही. हलक्या लायनरमध्ये अजून ॲस्बेस्टॉस असू शकतं. म्हणूनच आम्ही ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवायचं बंद केलंय. ओल्या फडक्याने पुसायचं किंवा ब्रेक क्लीनर मारायचा. तुमचा माणूस हवा मारत असेल तर मुलांना लांब ठेवा आणि त्यालाही सांगा.

आता माझं म्हणणं असं की लोक पार्टवर भांडतात आणि फिटिंगवर कोणी बोलत नाही. कंपनीचा पॅड आणला आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकलेल्या, गंजलेल्या तशाच ठेवल्या तर एका बाजूचा पॅड खाऊन जातो, दुसरा तसाच राहतो. गिऱ्हाईक म्हणतं पार्ट खराब. पिना काढून, घासून, त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायला पाहिजे. साधं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन अडकते. पिस्टनचं रबर फाटलेलं असेल तर ते आधी बदलायचं. पॅडच्या कानाखाली स्टीलच्या क्लिपा असतात, त्या नव्या टाकायच्या. नवा पॅड वाजतो म्हणून जे येतात, त्यांच्यात बऱ्याच वेळा जुन्या क्लिपा आणि साफ न केलेला ब्रॅकेट सापडतो.

मागे ड्रममध्ये ॲडजस्टर मोकळा फिरतो का बघून घ्या. तो गंजून बसला की हँडब्रेक वर वर येत जातो आणि पेडलही लांब जातं. व्हील सिलेंडरच्या (ड्रममधले शू ढकलणाऱ्या भागाच्या) रबराखाली ओल दिसली तर शू घालण्याआधी सिलेंडर बदलायचा, नाहीतर नवे शू ऑइलने भिजणार. आणि दोन्ही बाजू एकदमच करायच्या. एका चाकाचाच पॅड बदला म्हणणारी गिऱ्हाइकं येतात, त्यांना मी नाही म्हणतो.

घाटवाट

हे पटलं. रबराचा मुद्दा आला म्हणून लिहितो: मास्टर सिलेंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा), व्हील सिलेंडर, कॅलिपरचं सील किट, होज पाइप, यांत तरी कंपनीचं किंवा मूळ बनवणाऱ्याचंच घ्यायचं, यावर इथे सगळ्यांचं एकमत दिसतंय. बरोबर ना?

डायनो

पूर्णपणे. पॅड हळूहळू खराब होतो आणि तुम्हाला इशारा देतो. सील किंवा होज जाताना इशारा देईलच असं नाही. ब्रेक ऑइलमध्ये टिकणारं रबर वेगळ्या जातीचं असतं, आणि ते बाहेरून बघून ओळखता येत नाही.

ऑइलबद्दलही इथेच सांगतो, कारण बारा हजारांच्या अंदाजात ते आहे का हे वाशिष्ठींनी लिहिलेलं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३, डॉट ४ हे त्याचे दर्जे. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे जुनं ऑइल घेऊन घाट उतरणं हे हलक्या पॅडइतकंच घातक आहे. साधारण दोन वर्षांनी बदलावं, कोकणात तर चालढकल नकोच. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच भरायचं. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळायचं नाही.

शिरोलीकर

डिस्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मी कोल्हापूरच्या फाउंड्रीत आहे, आमच्याकडे ब्रेकच्या डिस्क आणि ड्रमची कास्टिंग होतात. डिस्क ग्रे आयर्नची, म्हणजे एका प्रकारच्या ओतीव लोखंडाची असते, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या उष्णता पटकन पसरवतात आणि कंपनही शोषतात. दिसायला साधी वस्तू, पण रासायनिक प्रमाण थोडं हललं, किंवा आतल्या हवेच्या वाटा करणारा कोर सरकला, की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ निघते. गार असताना काही कळत नाही. तापल्यावर ती वाकडी होते आणि पेडलला थरथर येते.

तरीही डिस्कच्या बाबतीत मी बाहेरच्या नामांकित मालाला हो म्हणेन. पॅडच्या मिश्रणासारखी गुप्त कृती यात नसते. माप, धातू, मशिनिंग आणि तोल सांभाळला की झालं. घेताना वजन करून बघा. त्याच गाडीच्या मूळ डिस्कपेक्षा बरीच हलकी लागली तर तिथे लोखंड वाचवलंय, आणि उष्णता साठवायला लोखंडच लागतं.

आणखी एक, डिस्क खरंच बदलायची आहे का ते आधी मोजून घ्या, ताई. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ड्रमवर जास्तीत जास्त व्यास असतो. कडेला काठ आला म्हणजे डिस्क संपली असं नाही. मायक्रोमीटरने जाडी मोजायला दोन मिनिटं लागतात. मापात असेल तर ती ठेवता येते किंवा लेथवर हलका हात फिरवता येतो, फक्त फिरवल्यानंतरही माप त्या आकड्याच्या वर राहायला हवं. बसवताना हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, गंज घासून काढायचा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क डुलते, आणि बहुतेक गाड्यांना हा डोल ०.१ मिमीच्याही आत लागतो.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो, इथली पद्धत सांगतो. इथे कंपनीच्या शोरूमबाहेरचे पॅड घेणं अगदी सर्रास आहे, एटीई, टेक्सटार, टीआरडब्ल्यू वगैरे. लोक निर्धास्त असतात, कारण सुट्या पॅडला ईसीई आर-९० ही युरोपातली मान्यता लागते. तिच्यात नियम असा की तेवढ्याच दाबाला बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर असली पाहिजे. पॅड प्लेटला किती घट्ट चिकटलाय याचीही चाचणी होते: चौरस सेंटिमीटरला किमान २५० न्यूटन, शूच्या लायनरला १००. मान्यता मिळालेल्या पॅडवर वर्तुळात ई आणि देशाचा आकडा, पुढे ९०आर असं छापलेलं असतं.

भारतातून युरोपात निर्यात करणाऱ्या कंपन्यांच्या पॅडवर हा शिक्का दिसतो. तिकडच्या दुकानात तो मिळाला तर तो माझ्या मते चांगला निकष आहे.

डायनो

सहमत. दोन अक्षरांच्या कोडपेक्षा हा शिक्का कितीतरी वजनदार आहे. मात्र मान्यता त्या पॅडला त्या गाडीसाठी असते, म्हणून पार्ट नंबर जुळलाच पाहिजे.

नवीन सदस्य

वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा पॅड घातला तर वॉरंटी जाते का? माझी गाडी दोन वर्षांची आहे.

पेठकर

२०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुट्या भागांची बाजारपेठ अडवल्याबद्दल मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड केला होता. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्या आदेशात होतं. पुढे त्यावर अपिलं झाली. पण व्यवहारात सांगतो, ब्रेकशी संबंधित तक्रार घेऊन गेलात आणि आत बाहेरचा पॅड दिसला तर वाद होणार. वॉरंटी असेपर्यंत कंपनीचाच घाला, पावती जपून ठेवा.

वाशिष्ठी

पेठकरदादा, नकली डबा ओळखायचा कसा? आणि ऑनलाइन घेतलं तर?

पेठकर

डब्यावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असायलाच हवा, कायद्यानेच लागतो. पार्ट नंबर कंपनीच्या कॅटलॉगशी जुळवा. होलोग्राम किंवा क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेलं, डबा आणि पॅडवरचा नंबर वेगळा, तर परत द्या. एमआरपीवर दहा-पंधरा टक्के सूट समजू शकते. कंपनीच्या डब्यावर कोणी चाळीस टक्के सूट देत असेल तर हात लावू नका. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण ते बघा, वेबसाइटचं नाव पुरेसं नाही. आणि जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबरसकट. नकली विकणारा बिलावर नंबर लिहायला टाळतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

वाशिष्ठी

सगळ्यांचे आभार. आज सर्व्हिस सेंटरला सांगून डिस्कची जाडी मोजून घेतली. कोरलेल्या मापाच्या वर आहे, पण थोडीच, त्यामुळे पुढच्या वेळी पॅड बदलेपर्यंत टिकणार नाही असं वाटतं. म्हणून ठरवलंय ते असं: पुढचे पॅड जुन्या प्लेटवर नाव सापडलं त्याच बनवणाऱ्याचे, त्याच्या डब्यातले. डिस्क नामांकित ब्रँडच्या, वजन बघून. मागचे शू कंपनीचे, नवे. एका व्हील सिलेंडरला ओल निघाली, तेव्हा दोन्ही कंपनीचे. डॉट ४ पूर्ण बदलायचं. काम कराडला करून घेईन म्हणते. मेकॅनिकदादा, निरोपात पत्ता कळवाल का? सगळा मिळून खर्च अंदाजाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतोय.

कृष्णाकाठचा मेकॅनिक

निरोप पाठवला, ताई. येताना पार्टचे डबे उघडू नका, इथे तुमच्यासमोर उघडू. जुने पॅड, शू सगळं तुमच्या हातात देणार.

डायनो

निवड योग्य आहे. डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून मगच पॅड बसू देत. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

मग नवा पॅड डिस्कवर बसायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं गार होऊ द्यायचं, असं काही वेळा. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळायचा. कराडला काम करून तुम्ही लगेच कुंभार्ली उतरणार असाल, तर तेवढं मात्र करू नका. माहेरी राहा दोन दिवस, कराड-पाटण रस्त्यावर गाडी फिरवा आणि मग उतरा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये.

वाशिष्ठी

आईला कळवते, ती खूश होईल. तसंच करते, काका.